मीटरपुढची जपमाळ

बेंगळुरातल्या बनशंकरीत खोली शोधत मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला नाव, गाव, नोकरी, स्वयंपाक करतेस का, रात्री किती वाजता येतेस, यांतलं काहीही विचारलं नाही.

"कम्प्यूटर आहे?"

"लॅपटॉप आहे."

"चार्जर बघू."

मी बॅगेतून चार्जर काढून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चार्जर नाकाजवळ नेऊन त्याच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "पासष्ट वॅट. सरी. चालेल." मग किल्ली आणायला आत गेल्या. माझं नाव त्यांनी दोन-तीन दिवसांनी विचारलं, तेही पाण्याच्या टाकीवरून हाक मारायला काहीतरी हवं म्हणून.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं. बाहेर सगळं कन्नड, घरात मराठी. आणि त्या मराठीत 'स्वल्प', 'सरी', 'बेडा' हे कन्नड शब्द पाहुण्यासारखे येत नसत, घरच्यासारखे हक्कानं बसलेले असत. मी निपाणीची, त्यामुळे दोन्ही भाषा मला आईच्या दुधाबरोबरच मिळालेल्या. आमचं जमलं. त्यांचा एकुलता मुलगा परदेशात, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. टेलिफोन बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी टेस्टिंग विभागात काढली होती. "वस्तू करणारे वेगळे ग," त्या सांगत, "ती चालेल की नाही ते सांगणारे वेगळे. मी सांगणाऱ्यांतली."

निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, यात्रा करतात, गुडघ्यांना तेल लावतात. अक्कांनी जुने प्रोसेसर मोजायला घेतले.

म्हणजे असं, की कुणाला जुना डेस्कटॉप घ्यायचा असला, मुलाच्या कॉलेजसाठी, दुकानाच्या बिलांसाठी, तर तो माणूस आधी अक्कांकडे यायचा. कुठल्या पिढीचा प्रोसेसर घेऊ, चार कोरचा पुरेल का, तेवढ्या किमतीला परवडेल का, वीज किती खाईल. इंटरनेटवर या सगळ्याचे तक्ते असतात हे त्यांना माहीत होतं. पण ते तक्ते त्या जुळवलेल्या पत्रिकेसारखे बघायच्या. बघायच्या सगळ्या, मानायच्या नाहीत. "हे मोजणाऱ्याच्या घरी एसी होता. आपल्याकडे आहे का?" असं विचारून पान बंद करायच्या आणि म्हणायच्या, "मशीन घेऊन ये."

मशीन आलं की परीक्षा सुरू. पहिला पेपर वेगाचा. त्यांच्या नातीच्या बारशाचा एक लांबलचक व्हिडिओ होता, त्यांच्या भावानं जुन्या कॅमेऱ्यावर घेतलेला. तो एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलायला लावायचा आणि घड्याळ बघायचं. ती नात आता कॉलेजात जाते. पण दक्षिण बेंगळुरातल्या कितीतरी जुन्या प्रोसेसरांनी तिचा पाळणा ऐकला आहे. काही हळूहळू रेटत, काही धापा टाकत, आणि एक तर आत्याबाई कानात कुर्र करायला वाकल्या तिथेच गप्प झाला. तो अक्कांनी नापास केला.

दुसरा पेपर विजेचा, आणि तो आम्हा भाडेकरूंच्या जिवावर यायचा. खालच्या-वरच्या मजल्याला मीटर एकच. अक्का हाळी द्यायच्या, "सगळं बंद करा ग!" मग पंखे बंद, फ्रिज बंद, वायफाय बंद, वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या मोबाईलचा चार्जरसुद्धा भिंतीतून उपटायचा. चालू फक्त तो एक डेस्कटॉप. अक्का जिन्याखालच्या मीटरपुढे लाकडी स्टूल मांडून बसायच्या. हातात सासूबाईंची तुळशीची जपमाळ. मीटरवर एक लाल ठिपका असतो, वीज खर्च होईल तसा लुकलुकतो. ठिपका लुकलुकला की एक मणी पुढे. जास्त खाणाऱ्या मशीनची माळ भराभर संपायची, कमी खाणाऱ्याची रेंगाळायची. अक्का निकाल माळेतच सांगत. "ह्याची माळ संपता संपत नाही, चांगलं पोर आहे." पहिल्यांदा आलेला माणूस ते बघून घाबरायचा. मीटरचा जप करणारी बाई त्यानं बघितलेली नसायची.

एकदा मुलगा सुट्टीवर आला आणि आईसाठी नवाकोरा, झगझगीत दिव्यांचा डेस्कटॉप घेऊन आला. बारसं त्यानं चुटकीसरशी संपवलं. मुलगा खूश. मग अक्का स्टुलावर बसल्या आणि बोटं अशी चालायला लागली की माळ तुटते की काय असं मला वाटलं. उठल्या आणि म्हणाल्या, "बाळा, हा कम्प्यूटर नाही, गीझर आहे." तो परत गेला तेव्हा डेस्कटॉपही त्याच्या चुलतभावाकडे गेला. अक्का स्वतः एका जुनाट मशीनवर काम करत राहिल्या. गरम झालंय का ते बघायला तापकरी पोराच्या कपाळाला लावावा तसा हाताचा उलटा पंजा त्याला लावायच्या.

तिसरा पेपर त्यांनी स्वतःच काढलेला होता, आणि मला वाटतं त्यांची खरी बुद्धी त्यात होती. काम संपल्यावर मशीन नुसतं चालू ठेवायचं आणि परत माळ ओढायची. "कामात किती खातो ते सगळे बघतात," त्या म्हणायच्या. "रिकामा बसून किती खातो ते कोण बघतं? घरातला कम्प्यूटर दिवसभर काय करतो? बसतो. माणसं त्याच्यासमोर बसून विचार करतात, फोनवर बोलतात, कॉफी पितात. तेवढा वेळ तो खात असतो." मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच करते. आमच्याकडे एवढे मोठे अहवाल बनतात, पण हा साधा प्रश्न विचारलेला मी तिथे कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये तो माझा म्हणून विचारला आणि शाबासकी मिळवली. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "मिळव. माझा पगार बंद झालाय, तुझा चालू आहे."

'अंदाजे' या शब्दाचा त्यांना मनस्वी राग. एसपी रोडच्या कम्प्यूटर बाजारातला एक दुकानदार एकदा म्हणाला, "अक्का, अंदाजे तेवढंच पडतं, काय फरक पडतो?" अक्का हातातला प्रोसेसर काउंटरवर ठेवून उठल्या. "उद्या तुला पगार अंदाजे मिळाला तर चालेल?" दुकानदार मालक होता, त्याला पगार नव्हता, पण त्यानं मुकाट्यानं हात जोडले. परत येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "आपल्याकडे दुसरं काय आहे ग? मी सांगितलेल्या आकड्यावर माणूस डोळे मिटून मशीन घेतो. तेवढी एकच गोष्ट मी कमावली." माझ्या निपाणीच्या भावानंही असंच त्यांच्या शब्दावर मशीन घेतलेलं होतं आणि तो गावभर सांगत सुटला होता की बेंगळुरात आपली एक बाई आहे.

हे एवढं सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

आमच्या समाजाचं मुलींचं वसतिगृह आहे. बेळगाव, निपाणी, बिदरकडच्या मुली तिथे राहून शिकतात. तिथल्या अभ्यासिकेत डेस्कटॉप घ्यायचं ठरलं. वसतिगृहाचे सेक्रेटरी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे, आणि अक्कांशी त्यांचं तीस-एक वर्षं काही ना काही कारणानं वाजत आलेलं. एकदा गणपतीच्या मांडवावरून, एकदा स्वयंपाकघरातल्या चिमणीवरून. या वेळी प्रोसेसरवरून. सेक्रेटरींनी एका ऑफिसनं मोडीत काढलेले चौथ्या पिढीचे डेस्कटॉप बघून ठेवले होते, स्वस्त. अक्कांचं मत सहाव्या पिढीचे घ्यावेत, महाग पण विजेला हलके. तेवढ्याच पैशात चौथ्या पिढीची दोन मशीनं जास्त येत होती, म्हणजे दोन मुली जास्त बसू शकत होत्या. उलट वसतिगृहात वीज सारखी जाते आणि इन्व्हर्टर जुना. मशीनं जास्त खाणारी निघाली तर अभ्यासिका मध्येच अंधारात. म्हणजे सगळं विजेच्या आकड्यावर येऊन ठेपलं होतं.

दोन्ही प्रकारचं एकेक मशीन अक्कांकडे मोजायला आलं. एका रविवारी चौथी पिढी झाली, त्याच्या पुढच्या रविवारी सहावी. चौथ्याची रिकामं बसायची माळ भराभर संपली, सहाव्याची रेंगाळली. फरक जवळजवळ दुप्पट. समितीच्या बैठकीत अक्कांनी आकडे वाचले आणि सेक्रेटरींकडे बघून चष्मा खाली घेतला. सेक्रेटरींनी मान डोलावली. आकड्याशी बँकेचा माणूस भांडत नाही. सहाव्या पिढीचं ठरलं, दुकानदाराला पुढच्या बैठकीनंतर कळवायचं ठरलं. घरी येताना अक्कांनी चक्क मला मसाला डोसा खाऊ घातला. तीस वर्षांत सेक्रेटरी पहिल्यांदा बिनशर्त हरले होते.

पुढची बैठक यायच्या आत माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचं मशीन मोजायचं निघालं. हाळी झाली, सगळं बंद झालं, अक्का स्टुलावर बसल्या आणि लक्षात आलं की मशीनची केबलच माझ्या खोलीत राहिली. मी वर जाऊन शोधून आणेपर्यंत जरा वेळ गेला. खाली आले तर अक्का मीटरकडे टक लावून बसलेल्या.

"श्वास घेत नाही ग," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मीटर."

हे मला आधी सांगायला हवं होतं. घरातलं सगळं बंद केलं तरी तो लाल ठिपका अधूनमधून, सावकाश, एकदा लुकलुकायचा. वर्षानुवर्षं. अक्का म्हणायच्या, मीटर जुना आहे, श्वास घेतो. दोन्ही मशीनांच्या वेळी तो सारखाच असणार, म्हणून त्या तो हिशेबात धरत नसत, आणि ते बरोबरच होतं. पण आज ठिपका मुळी लुकलुकतच नव्हता. आम्ही दोघी बघत बसलो. बराच वेळ झाला, काही नाही.

"मीटर बिघडला असेल."

"बिघडला नाही. आत्ता फ्रिज लाव." मी लावला. ठिपका लगेच लुकलुकू लागला. "बंद कर." पुन्हा सगळं शांत.

अक्का स्टुलावरून उठल्या, घरभर फिरल्या, एकेक बटण बघितलं आणि देवघराच्या दारात जाऊन थांबल्या. देवापुढचा लाल दिवा चालू होता. तो कायमच चालू असायचा. सासूबाईंच्या काळापासून तो कुणी बंद केलेला नव्हता. "सगळं बंद करा" या सगळ्यात देवघर कधी आलंच नव्हतं, कारण देवाचा दिवा वीज खातो हे त्या घरात कुणाच्या मनातच आलेलं नव्हतं. माझ्याही नाही. आमच्या निपाणीच्या घरीही तसाच एक आहे आणि तोही आजवर कुणी मोजलेला नाही.

"हा बल्ब मी बदलला," अक्का हळूच म्हणाल्या. "दोन रविवारांच्या मध्ये. जुना पिवळा पडून गेला, मी एलईडी लावला. जुना चांगला खाणारा होता. हा काहीच खात नाही."

मला समजायला क्षण लागला. मग समजलं. चौथ्या पिढीच्या डोक्यावर देवाच्या दिव्याचा आकडा बसला होता. सहाव्याच्या डोक्यावर बसला नव्हता. दुप्पट फरक दिसला त्यातला बराचसा देवापुढे जळला होता.

अक्का देवघराच्या उंबऱ्यावर बसल्या. तापातून उठल्यासारखा चेहरा. मी त्यांना समजवायला लागले. सांगायला मला लाज वाटत नाही, मी जे बोलले ते प्रेमानंच बोलले. म्हटलं, सहाव्या पिढीचं मशीन काही वाईट नाही, थोडं कमीच खातं. बैठकीत ठरूनही गेलंय. सेक्रेटरींना कळलं तर ते तुम्हाला जन्मभर ऐकवतील. आणि बल्ब तुम्ही बदलला, कुणाला माहीत आहे?

अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी तिथेच थांबले. "जा, केबल ठेवून ये," म्हणाल्या. "आज मोजायचं नाही."

त्या आठवड्यात त्यांनी माझ्या भावापासून सुरुवात केली, ज्यांना ज्यांना मशीन सांगितलं होतं त्या सगळ्यांना फोन केले. बल्ब बदलण्याआधीची सगळी मोजणी आपसात बरोबर होती, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नव्हतं. तरी आकडा मुळात फुगलेला होता हे त्यांना सांगायचं होतं. भाऊ घाबरून मला म्हणाला, "अगं, मशीन मस्त चालतंय, त्यांना काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही. अक्का आहेत त्या."

आणि बैठक आली. वसतिगृहाचा हॉल, सतरंजी, केसरीबात आणि कॉफी. समितीची माणसं, काही पालक, मागं भिंतीला टेकून वसतिगृहाच्या मुली. विषय येताच अक्का उभ्या राहिल्या. एरवी त्या बसूनच बोलत.

"मी दिलेला आकडा चुकीचा आहे," त्यांनी सांगितलं. "चूक मशीनची नाही, मीटरची नाही, माझी आहे." आणि मग देवघर, जुना बल्ब, नवा बल्ब, सगळं अगदी कारखान्यात चुकीच्या तपासणीचा अहवाल द्यावा तसं, ओळीनं. एक शब्द मऊ केला नाही. शेवटी म्हणाल्या, "माझ्या शब्दावर तुम्ही दोन मशीनं सोडायला निघाला होता. आता माझ्या शब्दावर काही ठरवू नका."

मागे एक मुलगी हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. कुणीतरी पुटपुटलं, देवाचाच कौल म्हणायचा. मला वाटलं, आता सेक्रेटरी उठतील आणि तीस वर्षांचा हिशेब चुकता करतील. ते उठलेही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अक्का, तुम्ही परत मोजा," ते म्हणाले. "तुम्ही जो आकडा सांगाल त्यावर मी न बघता सही करतो."

"न बघता सही करायची नाही," अक्का ताडकन म्हणाल्या. "मी आत्ता काय सांगत होते? तुम्ही येऊन मोजा. मी बाजूला बसते."

"मला ते माळेचं काही येत नाही हो."

"शिकवते. बँकेत नोटा मोजल्यात ना?"

पुढच्या रविवारी सकाळी सेक्रेटरी खरंच आले. इस्त्रीच्या पँटीनं स्टुलावर बसले. अक्कांनी हाळी दिली, पंखे, फ्रिज, चार्जर सगळं बंद झालं. मग त्या देवघरात गेल्या, तुपाचं निरांजन लावलं, हात जोडले आणि सासूबाईंच्या काळापासून कुणी न दाबलेलं ते बटण दाबलं. एलईडी आता नावापुरतं खात होता. तरी दाबलं.

सेक्रेटरी दचकले. "अक्का, देवाचा दिवा?"

"देवाला तूप चालतं," अक्का म्हणाल्या. "मोजा तुम्ही."

सेक्रेटरींनी मोजलं. सुरुवातीला दोनदा गडबडले, अक्कांनी दोनदा पहिल्यापासून मोजायला लावलं. आधी चौथी पिढी, मग सहावी. आम्ही भाडेकरू घामाघूम होऊन जिन्यावर बसलो होतो, पण कुणी उठलं नाही. दोन्ही माळा झाल्या. सहाव्या पिढीची जरा उशिरा संपली, पण जराच. इन्व्हर्टरला झेपेल एवढाच फरक. अक्कांनी मनाशी हिशेब केला आणि जिन्यावर आम्हाला, वरच्या मजल्याला आणि बहुतेक शेजारच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सेक्रेटरींचं बरोबर होतं! चौथीच घ्यायची. दोन पोरी जास्त बसतील."

मला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आपली म्हणावी अशी माणसं आयुष्यात फार भेटत नाहीत, आणि मला ही बाई घरमालकीण म्हणून मिळाली, एवढं मी आजही सगळ्यांना सांगत असते.

सेक्रेटरी माळ हातात धरून बसूनच राहिले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर कुठे दिसेना. थोड्या वेळानं त्यांनी जवळजवळ कुजबुजत विचारलं, "अक्का, एक विचारू? बल्बचं तुम्ही सांगितलं नसतं, तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर सांगावं लागलं. उठा आता, फ्रिज लावू दे, भाडेकरूंचं दूध नासेल."